वळसा

आई गालिच्याला वळसा घालून जाते, हे मला आधी दिसलं नाही, ऐकू आलं. तिच्या काठीच्या टोकाला रबर आहे, तरी फरशीवर ती टेकली की बारीक ‘टक्’ होतं. तिच्या खोलीपासून खिडकीजवळच्या खुर्चीपर्यंत सरळ गेलं तर मधे गालिचा लागतो, आणि तेवढ्या टप्प्यात काठीचा आवाज बुडतो. गालिचा आणला तेव्हापासून मला त्या आवाजाची सवय झाली होती: टक्, टक्, मग शांतता, मग खिडकीपाशी पुन्हा टक्. त्या संध्याकाळी मी आत काम करत बसले होते आणि काठी वाजतच राहिली. मधली शांतता आलीच नाही. बाहेर येऊन पाहिलं तर आई भिंतीच्या कडेने, एक हात पुस्तकांच्या कपाटावर टेकवत, सोफ्यामागून वाट काढत खुर्चीकडे निघाली होती. “अगं, इकडून कुठे?” म्हटलं, तर म्हणाली, “उगाच कशाला. पुन्हा काही सांडायला नको.” नंतर आठवत गेले तेव्हा कळलं, की हे पंधरा दिवस चाललं होतं.

पंधरा दिवसांपूर्वी सांडलं होतं ते पाणी. रात्रीच्या गोळ्या घेताना तिच्या हातातला पेला निसटला आणि अर्धा पेला पाणी गालिच्यावर गेलं. पेला फुटला नाही, कुणाला लागलं नाही. मी टॉवेल आणला, खसाखसा पुसलं, पंखा लावला आणि झोपायला गेले. सकाळी पाहिलं तर चांदण्यासारख्या करड्या गालिच्यावर ताटाएवढा डाग उमटला होता. त्याची कड पिवळसर तपकिरी, जुन्या पुस्तकाच्या पानासारखी; आतली लव आडवी पडलेली, चिकटलेली, रंग लावून न धुता ठेवलेल्या ब्रशसारखी कडक. आई शेजारी उभी राहून बघत होती. “पाणीच होतं गं नुसतं,” ती म्हणाली. थोड्या वेळाने पुन्हा म्हणाली. दुपारी जेवताना, कुणीही विषय काढलेला नसताना, तिसऱ्यांदा म्हणाली.

नुसतं पाणी.

हा गालिचा मी दहा मिनिटांत निवडला होता. दुकानात वरून दिवा सोडलेला होता आणि त्याच्या उजेडात लव अशी झळाळत होती की हात फिरवला की हाताच्या मागोमाग सावली सरकायची. पट्टीवर ‘आर्ट सिल्क’ लिहिलं होतं. मी ते वाचलं, आणि ‘आर्ट’ म्हणजे काहीतरी कलाकुसर असेल असं मनाशी धरून पुढे गेले. तो ‘आर्टिफिशियल’चा तुकडा आहे, म्हणजे नकली रेशीम, हे मला डाग पडल्यावर कळलं. विकणारा खोटं बोलला नाही, कारण मी त्याला एकच प्रश्न विचारला होता, आणि तो मापाचा होता. हा धागा व्हिस्कोजचा. लाकडाचा लगदा रसायनांत विरघळवून, बारीक छिद्रांतून दाबून काढलेला. त्याची कृती तीन इंग्रज रसायनतज्ज्ञांनी १८९२ साली पेटंट करून ठेवली आहे. कोरडा असताना तो रेशमाला लाजवतो. ओला झाला की मात्र त्याची जवळपास निम्मी ताकद जाते. धागा पाणी पिऊन फुगतो, मऊ पडतो, आणि त्या अवस्थेत कुणी टॉवेलने खसाखसा पुसलं तर वाळताना जसा चोळामोळा झाला असेल तसाच राहतो. आतलं पाणी उडून जाताना लवेच्या टोकांपर्यंत चढतं आणि वाटेत जे काही सुटलं असेल ते टोकांवर ठेवून जातं, तीच ती पिवळी कड. टॉवेल टेकवून दाबला असता, घासला नसता, तर डाग लहान झाला असता. पण पाणी सांडलं तर काय करायचं, याचा विचार गालिचा घेताना कोण करतं?

आता मला वाटतं, तोच आधी करायला हवा.

तरी त्या गालिच्याचा मला राग येत नाही. दुपारी चारच्या सुमाराला ऊन तिरपं होऊन त्याच्यावर येतं तेव्हा खोलीत कुणीतरी पाण्याचं तळं आणून ठेवलंय असं वाटतं. माझी मुलगी पालथी पडून बोटाने त्याच्यावर चित्रं काढते आणि तळहाताने पुसून टाकते. लव एका बाजूला वळली की उजळ, दुसऱ्या बाजूला वळली की गडद. सुंदर वस्तू सुंदर असते, नाजूकपणामुळे ती कमी सुंदर होत नाही. पण त्या डागानंतर मी मुलीला तीन वेळा हटकलं होतं. पेला खाली ठेव. पाय पुसून ये. आणि आईला मी एका शब्दानेही काही बोलले नव्हते, तरी माझं ते हटकणं तिने आपल्या अंगाला लावून घेतलं होतं. घरात अंथरलेल्या वस्तूमुळे घरातलीच माणसं भिंतीकडेने चालायला लागली होती.

माझ्या आजीच्या घरी एक गालिचा होता. गडद लाल, मधे निळ्याचा एक चौकोन, आणि त्या लालातही दोन लाल: एका बाजूला किंचित विटकरी, दुसऱ्या बाजूला जांभळ्याकडे झुकणारा. मला लहानपणी वाटायचं की कुणीतरी चुकलंय. हाताने विणताना रंगवलेल्या लोकरीचा एक घाणा संपून दुसरा लागला की असा फरक पडतो, त्याला अब्राश म्हणतात, आणि जाणकार तो दोष मानत नाहीत, हे कळायला निम्मं आयुष्य गेलं. आजी वर्षातून एकदा तो गालिचा उन्हात टाकायची, आणि आधी पालथा टाकायची. मग खाली बसून पाठीवरून बोट फिरवायची. पाठीवर सगळी नक्षी पुढच्याइतकीच स्पष्ट असायची, फक्त गाठीगाठींची, खरबरीत. “पुढून सगळेच छान दिसतात गं, पाठ बघायची,” असं ती म्हणायची. माझ्या करड्या गालिच्याला पाठच नव्हती. म्हणजे होती, पण तिच्यावर जाडसर कापड चिकटवलेलं होतं. डाग पडल्यावर कोपरा उलटून पाहिला तेव्हा कापडाच्या फटीतून हातावर पांढरट भुकटी आली. धागे गाठ मारून बांधलेले नव्हते. ताणलेल्या कापडात सुईच्या बंदुकीने घुसवून मागून लॅटेक्सचा, म्हणजे रबरी गोंदाचा, थर दिला होता आणि वर अस्तर चढवलं होतं. ही पद्धत वाईट नव्हे. आज जगात यंत्रावर बनणारे बहुतेक गालिचे कापडात धागे घुसवूनच होतात, आणि त्याचं मूळ अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात डाल्टनजवळ राहणाऱ्या कॅथरीन इव्हान्स या मुलीपर्यंत जातं. १८९५ साली तिने हाताने झुबके घालून एक पलंगपोस केला, आणि त्यातून पुढे अख्खा उद्योग उभा राहिला. पण त्या पद्धतीत सगळा भार गोंदावर असतो, आणि गोंदाला वय असतं.

आजीच्या गालिच्यावर आम्ही काय नाही केलं! झोपलो, भांडलो, पाणी तर शंभरदा सांडलं. ते आधी थेंबाथेंबांनी वरच बसायचं. मी गुडघ्यांवर बसून ते थेंब बघत राहायची. त्यात खिडकी दिसायची, उलटी आणि इवलीशी. आजी फडकं नुसतं टेकवायची आणि थेंब फडक्यात शिरायचे. लोकरीच्या तंतूवर माशासारखे खवले असतात आणि त्यांच्यावर तेलकट पदार्थाचा अतिशय पातळ थर असतो, म्हणून पाणी लगेच आत जात नाही. गंमत अशी की हवेतली वाफ मात्र लोकर आत घेते; स्वतःच्या वजनाच्या साधारण एक-तृतीयांश ओलावा तिच्यात मावतो आणि तरी हाताला ती ओली लागत नाही. पावसाळी हवेत त्या गालिच्याला एक वास यायचा. मेंढीचा म्हणता येणार नाही, पण कुठल्यातरी उबदार प्राण्याचा.

लोकर पाण्यासमोर किती टिकते, याचं सगळ्यात विलक्षण उदाहरण सैबेरियातल्या अल्ताई पर्वतातलं आहे. पाझिरिक इथल्या एका थडग्यात सर्गेई रुदेन्को या पुरातत्त्वज्ञाला १९४९ साली एक गालिचा सापडला. जवळजवळ चौरस, एक बाजू १८३ सेंटिमीटर, दुसरी २००. कडेने घोडेस्वार, आतल्या पट्ट्यात हरणं. वय दोन हजार वर्षांहून खूप जास्त. गाठी मारून विणलेला इतका जुना, इतका सबंध गालिचा दुसरा नाही. चोरांनी ते थडगं फार पूर्वी फोडलं होतं. त्यांनी केलेल्या वाटेने पाणी आत झिरपलं आणि गोठलं, आणि त्या बर्फाने गालिचा जपून ठेवला. आता तो सेंट पीटर्सबर्गच्या हर्मिटाज संग्रहालयात आहे. हे वाचलं त्या रात्री मी बराच वेळ दिवा मालवला नाही. तो गालिचा पाण्याने वाचवला, आणि माझा अर्ध्या पेल्याने गेला.

पण लोकर म्हणजे सगळ्यावरचा इलाज, असंही नाही. आजीच्या गालिच्याचा एक कोपरा कसरीने खाल्ला होता. तो कोपरा जड कपाटाखाली होता, जिथे ऊन नाही, झाडू नाही, पाऊल नाही. कसरीचा उडणारा पतंग काही खात नाही. खाते ती त्याची अळी, आणि तिला लोकरीतलं केराटिन हे प्रथिन पचतं, जे फार थोड्या जिवांना पचतं. कपाट हलवलं तेव्हा तळहाताएवढ्या जागेत नुसता उभा-आडवा धागा उरला होता. आजी त्या जागेवर हात ठेवून बसली होती. म्हणाली, “वापरात असता तर वाचला असता.”

आईच्या वाटेवर दुसरा गालिचा घालायचं ठरवलं, पण या वेळी मी घाई केली नाही. निरनिराळे नमुन्याचे तुकडे मागवले, वीतभर लांबीचे, आणि आईच्या वाटेवर एका ओळीत मांडून ठेवले. पंधरा दिवस ते तिथेच राहिले. नायलॉनचा तुकडा पहिल्यापासून शहाण्यासारखा वागला. खुर्चीचा पाय त्याच्यावर रात्रभर ठेवला तर सकाळी खळगा असायचा, आणि दुपारपर्यंत लव पुन्हा उभी. १९३५ साली वॉलेस कॅरदर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ड्यू पाँट या अमेरिकन रसायन कंपनीत बनवलेला हा धागा गाजला तो स्त्रियांच्या मोज्यांमुळे, पण पावलांखाली त्याच्याइतकं दमदार दुसरं काही मला आढळलं नाही. खोट एकच, रंग त्याला चटकन चढतो, त्यामुळे डागही चढतो. वरून डागरोधक लेप असेल तरच निर्धास्त राहावं. पॉलिएस्टर नेमकं उलट. त्याला पाण्यातला रंग धरतच नाही, हाताला मऊ, रंग उठावदार, पण एकदा लव दबली की दबली. जाण्यायेण्याच्या वाटेवर तो महिन्या-दोन महिन्यांत थकेल हे पंधरा दिवसांतच कळत होतं. ज्या खोलीत माणसं बसतात पण फिरत नाहीत, तिथे मी तो आनंदाने घालीन. तागाचा तुकडा दिसायला सगळ्यांत देखणा होता, पण पाण्याच्या बाबतीत तो व्हिस्कोजचाच भाऊ, ओला झाला की तपकिरी पडतो. घायपाताचा, ज्याला मेक्सिकोतल्या सिसल बंदरावरून सिसल म्हणतात, तो चिवट खरा, पण आईने अनवाणी पाय ठेवला आणि लगेच उचलला.

पॉलिप्रॉपिलीन या प्लास्टिकच्या धाग्याचा तुकडा मागवायची गरज नव्हती, तो मुलीच्या खोलीत आहे. त्याचा धागा बनण्याआधी वितळलेल्या लगद्यातच रंग मिसळतात, त्यामुळे उन्हाने तो सहसा विटत नाही, आणि पाणी तर पिऊच शकत नाही. पण तो साधारण १६५ अंश सेल्सिअसला वितळतो. एकदा आम्ही तिचं टेबल उचलायचा कंटाळा करून ओढलं होतं. पायाच्या घर्षणाने लवेची टोकं वितळून एकमेकांना चिकटली, आणि तिथे हातभर लांबीची चकचकीत रेघ उमटली आहे, गोगलगाय जाऊन गेल्यासारखी. ती रेघ निघत नाही. शिवाय तेलकट काही लागलं तर तो सोडत नाही.

एका दुपारी मी प्रत्येक तुकड्यातला एकेक धागा उपटून जाळून पाहिला. चिमट्यात धरून, स्टीलच्या थाळीवर, शेजारी पाण्याचं भांडं ठेवून. माझ्या करड्या गालिच्याचा धागा कागदासारखा भर्रकन पेटला, जळलेल्या कागदाचा वास आला आणि बोटाने स्पर्श करताच उडून जाईल अशी मऊ राख उरली. नायलॉन आणि पॉलिएस्टर आधी आक्रसले, मग वितळून त्यांचा मणी झाला, गार झाल्यावर नखाने फुटेना. लोकरीचा धागा ज्योतीपासून अंग चोरून मागे वळला, चुरचुरला, आणि ज्योत बाजूला करताच आपला आपण विझला. जळलेल्या केसांचा वास खोलीभर पसरला. काळा गोळा चिमटीत धरला तर त्याची पूड झाली. आई खुर्चीतून बघत होती. “याला काय विझवावं लागलं नाही?” तिने विचारलं. मी नाही म्हटलं. ती थोडा वेळ त्या काळ्या पुडीकडे बघत राहिली.

धागा कुठला हे ठरलं तरी वीण कशी हे उरतंच, आणि आईच्या दृष्टीने तेच जास्त महत्त्वाचं होतं. आखूड, गच्च, मखमलीसारख्या कापलेल्या लवेवर प्रत्येक पाऊल उमटतं. ती सावल्यांची नक्षी मला आवडते, पण आईला ती ‘आपण गेल्याची खूण’ वाटली असती. पीळ घट्ट दिलेल्या, कुरळ्या धाग्याच्या गालिच्यावर पावलं उमटत नाहीत. पीळ सैल असेल तर धाग्याचं टोक उसवलेल्या दोरीसारखं फुलतं, आणि गालिचा नवा असतानाच जुना दिसू लागतो. म्हणून तुकडा डोळ्यांजवळ नेऊन एकेक टोक बघावं. लांब लवेच्या गुबगुबीत तुकड्यावर मी आईला उभं केलं. ती हसली, छान वाटतंय म्हणाली, आणि पुढचं पाऊल उचलताना बोटं लवेत अडकून किंचित डुलली. तिचं पाऊल आता उचललं जात नाही, सरकतं. तो तुकडा मी त्याच क्षणी ओळीतून काढला. लव जितकी उंच तितका गालिचा उंची, असं आपण धरून चालतो. खरी गोष्ट दाटपणाची आहे. तुकडा बाहेरच्या अंगाला वाकवायचा आणि धाग्यांच्या मुळाशी कापड किती दिसतं ते पाहायचं. धागे शेजारी-शेजारी खेटून उभे असतील तर ते एकमेकांना सावरतात, विरळ असतील तर सगळेच आडवे होतात. सगळ्यांत शेवटी उरला तो न कापलेल्या, सारख्या उंचीच्या बुटक्या फासांचा लोकरीचा तुकडा. फास नखात अडकून सुटला तर स्वेटरसारखा लांबवर उसवतो, म्हणून मांजर असलेल्या घरी तो नको. आमच्याकडे मांजर नाही. काठीचं रबर त्याच्यावर ठामपणे टेकत होतं आणि आईचं पाऊल त्याच्यावरून अडथळ्याविना सरकत होतं.

या सगळ्या दिवसांत लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातला, इराणमधल्या अर्दबिलचा गालिचा माझ्या मनात घोळत होता. मी तो फक्त चित्रांत पाहिला आहे. साडेदहा मीटर लांब, त्याच्यावर साल विणलेलं आहे, हिजरी ९४६, म्हणजे १५३९-४०. रंग विटू नयेत म्हणून तिथे दर अर्ध्या तासाला फक्त दहा मिनिटं दिवे लावतात. जगातल्या सगळ्यांत देखण्या गालिच्यांपैकी हा एक, आणि त्यात रेशीम आहे, पण ते ताण्या-बाण्याला, खाली, जिथे दिसत नाही तिथे. वर, जिथे हात लागतो आणि पाऊल पडतं तिथे, लोकर आहे. इराणच्या राजदरबारासाठी काम करणाऱ्यांना रेशीम वर घालणं काही कठीण नव्हतं. बारीक गाठींना लागणारी मजबुती रेशमाकडून घ्यायची आणि पावलं लोकरीवर सोपवायची, हे त्यांनी जाणूनबुजूनच ठरवलं असावं. त्यांच्या जागी मी असते तर झळाळी वर ठेवली असती. ठेवलीच होती.

नवा गालिचा आला. तपकिरी आणि राखाडी धागे एकत्र पिळलेले, त्यामुळे लांबून एकच रंग, जवळून अनेक. मी आधी पालथा टाकला. पाठीवर विणीच्या ओळी दिसत होत्या. खाली न सरकणारी जाळी घातली, चारही कोपरे चपटे बसतात की नाही ते पायाने चाचपून पाहिलं. पहिले काही दिवस त्यातून लोकरीचे बारीक पुंजके निघत होते, सुटे राहिलेले आखूड तंतू. काही महिन्यांत ते थांबतात. करडा गालिचा आता माझ्या खोलीत, जिथून कुणी जात-येत नाही अशा जागी आहे. डाग भिंतीच्या बाजूला केलाय. चारचं ऊन त्या खोलीत येत नाही, त्यामुळे तळं काही दिसत नाही, आणि त्याची मला अजून हुरहूर वाटते.

आई मात्र पहिल्या दिवशी भिंतीकडेनेच गेली. दुसऱ्या दिवशीही. मी काही बोलले नाही. तिसऱ्या दिवशी मुलगी गालिच्यावर पालथी पडून चित्र काढत होती, ब्रश धुवायचा पेला शेजारीच, आणि तो लवंडला. तिने दचकून आधी माझ्याकडे पाहिलं. मी फडकं घेऊन खाली बसले आणि तिला म्हटलं, थांब, बघ. निळसर पाणी थेंबाथेंबांनी फासांवर बसलं होतं. मी फडकं टेकवलं, दाबलं, उचललं. पुन्हा टेकवलं. आई खुर्चीतून मान पुढे काढून बघत होती. पाणी गेलं. तिथे हात ठेवला तर जरासं गार लागत होतं, एवढंच.

काल संध्याकाळी मी आत होते. आईच्या खोलीचं दार उघडलं. टक्, टक्, टक्. मग काही नाही. मी हातातलं काम तसंच ठेवून कान दिला. बराच वेळ काही नाही, ती हळू चालते. मग खिडकीपाशी, टक्.